जारची सीट

डॉक्टर रहांगडाले यांनी मला पहिल्यांदा पाहिले तेव्हा नाव विचारले नाही, वजन विचारले.

“किती किलो?”

“छप्पन्न, सर.”

“जारपेक्षा दुप्पट हाय. गाडीच्या डाव्या स्प्रिंगच्या पाट्यात एक पान वाढवावं लागते,” असे म्हणून ते पाना घेऊन गाडीखाली शिरले. माझे नियुक्तिपत्र माझ्या हातातच राहिले.

सालेकसा तालुक्यातल्या एका गावच्या जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून हजर होण्याचा तो माझा पहिला दिवस होता. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिलीच. बाबांनी ते पत्र धानाच्या बियाण्याच्या रिकाम्या प्लास्टिक पिशवीत घालून दिले होते, घाम लागू नये म्हणून. सरकारी दवाखान्यासमोर सरकारी जीप असेल, निदान मोटारसायकल तरी, अशी माझी समजूत होती. उभी होती ती लांब नाकाची, दोनच सीटची, बिनछताची विलायती रेसची गाडी.

अशा गाड्या मी कॅलेंडरवर पाहिल्या होत्या. पण कॅलेंडरवरच्या गाड्या जमिनीला चिकटून असतात. ही जीपच्या चाकांवर उंच उभी होती, रोवणीसाठी लुगडे वर खोचून धानाच्या बांधीत उतरलेल्या बाईसारखी. एक दिवा तिचा स्वतःचा, दुसरा ट्रॅक्टरचा. पावसासाठी धान झाकायच्या ताडपत्रीची घडी मागे बांधलेली. आणि डाव्या सीटवर, छातीवर पट्टा लावून, एक ॲल्युमिनियमचा जार बसला होता. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या या जारमध्ये द्रवरूप नायट्रोजनात थंड ठेवतात. तो कलंडून चालत नाही. त्या दिवसापासून जार माझ्या दोन पायांत आला आणि पट्टा मला मिळाला. डॉक्टर मात्र शेवटपर्यंत तिला ‘जारची सीट’च म्हणत राहिले.

ही गाडी तेंदूपत्त्याच्या एका म्हाताऱ्या ठेकेदाराच्या गोदामात कित्येक वर्षे पडून होती. तिच्यात कोंबड्या अंडी घालत. डॉक्टरांनी ठेकेदाराची गाय मरणाच्या दारातून परत आणली तेव्हा तो म्हणाला, “मांगा, काय पायजे ते.” डॉक्टर म्हणाले, “कोंबड्या दुसरीकडं बसवा.”

तिचे मूळ इंजिन कामातून गेलेले होते. गोंदियाच्या मिस्त्रीने बॉनेट उघडून पाहिले आणि पुन्हा हळूच लावले. “डॉक्टर साब, इसका पार्ट तो मेरे बाप ने भी नहीं देखा.” मग डॉक्टरांनी तिच्यात जीपचे डिझेल इंजिन बसवून घेतले, कागदावर त्याची रीतसर नोंद केली, आणि जुने इंजिन घरामागे अर्धे जमिनीत पुरून त्याला बैल बांधला. “चांगलं जड हाय. हलत नाही,” एवढेच त्याचे कौतुक.

रोज सकाळी सात वाजता ते बॉनेट उघडत. ऑइलची पट्टी, रेडिएटरचे पाणी, पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून. मग इंजिन सुरू करून गळ्यातला स्टेथोस्कोप त्याला लावत. मी हसले तर म्हणाले, “हसू नोको. गार असते तवाच इंजिन खरं बोलते. गरम झाल्यावर सारेच गोड बोलतात.” दाराच्या बिजागरीला ते कासेला लावायचे मलम लावत. एकदा जंगलाच्या रस्त्यावर पंख्याचा पट्टा तुटला, तर अडलेले वासरू ओढायच्या दोरीचा वेढा घालून आम्ही कूर्मगतीने दवाखान्यापर्यंत आलो. लोक विचारत, “डाक्टर, एवढी जुनी गाडी रोज कायले काढता? सणावारी काढत जा.” त्यांचे उत्तर ठरलेले असे: “उभी गाडी आन उभं पानी, दोनी सडते.”

रस्त्यावर त्यांचा एक नेम होता. आमच्याकडे धान निघाला की लोक तो डांबरी रस्त्यावर वाळायला घालतात, अर्धा रस्ता पिवळा होऊन जातो. ट्रक त्यावरून जातात, मोटारसायकली जातात, कोणी फारसे मनावर घेत नाही. डॉक्टर कधीच गेले नाहीत. ते डावी चाके खाली मुरमात उतरवत, गाडी तिरपी होई, पोट दगडाला खरवडे, मी जार कवटाळून बसे.

“सर, रेसची गाडी इतकी उंच काऊन केली?” मी एकदा विचारले.

“धानासाठी,” ते म्हणाले. “खाली उतरता आलं पायजे ना.”

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात त्यांना एक नवीन सवय लागली. गाडी चालवता चालवता विचारत, “मॅडम, समोर काय दिसून राहिलं?” मला वाटले, ही परीक्षा आहे. कॉलेजात सगळे म्हणत, पशुवैद्यकात निरीक्षण महत्त्वाचे. मी मन लावून सांगू लागे. “सर, समोर दोन शेळ्या. एक पांढरी, लंगडते आहे. पुढे खड्डा, पाण्याने भरलेला. उजवीकडून सायकलवाला.” ते मान हलवत, “शाबास.” घरी गेल्यावर मी वहीत लिहून ठेवी: डॉक्टरांमुळे माझे निरीक्षण सुधारत आहे. असा गुरू लाभल्याचे मी आईलाही फोनवर सांगितले होते.

दिवाळीनंतरची गोष्ट. वळणाच्या पुढे सगनाबाईंचे घर लागते. गावात त्यांच्या जिभेला सगळे घाबरतात. त्या दिवशी मी फोनवर होते. आमची शेळी खात नव्हती, आई औषध विचारत होती, आणि आपली मुलगी जनावरांचे औषध सांगू शकते याचा तिला जो आनंद होता तो मलाही पुरवून पुरवून घ्यायचा होता. अचानक चाकांखाली चरचर असा आवाज झाला. मी मान वर केली. चारही चाके धानात होती.

हातात दाताळे घेऊन सगनाबाई धावत आल्या. “डाक्टर! डोळे फुटले काय तुमचे? माह्या धानावरून काऊन घालून राहिले?”

डॉक्टरांनी इंजिन बंद केले. खाली उतरले, रस्त्यावर उकिडवे बसले आणि चाकाखालचा धान दोन्ही हातांनी गोळा करू लागले.  एरवी उत्तर तयार असलेला माणूस खाली बसून धान वेचतो आहे हे पाहून सगनाबाईंचाच आवाज उतरला. “राहू द्या जी, राहू द्या. मी उचलतो.”

गाडीत परत बसल्यावर ते समोर पाहत हळू म्हणाले, “तू आज बोलली नाही.”

मला माझी वही आठवली. तीन महिने मी निरीक्षण शिकत नव्हते. मी त्यांचे डोळे झाले होते, आणि मला ते माहीत नव्हते.

गोंदियाला डोळ्यांच्या दवाखान्यात सांगितले की मागचा पडदा मधोमध खराब झाला आहे. आहे ते जपा, गाडी चालवू नका. बाहेर येऊन डॉक्टर मला म्हणाले, “बाजूचं सारं दिसते. सगनाबाई बरोबर दिसली. धानच नाही दिसला.” आणि हसले. मला हसता आले नाही.

त्यांच्या कामाचे डोळ्यांवाचून अडत नव्हते. म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घातल्यावर कोणाला काय दिसते? अडले ते जाण्याचे. सकाळी एक बस, दुपारी एक. मला मोटारसायकलही येत नव्हती. डॉक्टर टेबलाशी बसून फोनवर सांगू लागले, “जनावर इकडं घेऊन या.” पण आडवे पडलेले जनावर कोण आणणार? आतल्या गावांचे फोन हळूहळू कमी झाले. गाडी उभी राहिली. महिना झाला नाही तोच जारच्या सीटवर कोंबडीने अंडे घातले. डॉक्टरांनी ते बोटांनी चाचपून पाहिले आणि तिथेच राहू दिले. तेव्हा मात्र मला भीती वाटली. उभ्या पाण्याचे त्यांचे म्हणणे त्यांना स्वतःलाच लागू होत चालले होते.

नागपूरचे एक जुन्या गाड्यांचे शौकीन तीन वर्षांपासून ती गाडी मागत होते. एके दिवशी डॉक्टरांनी त्यांना फोन करून ‘या’ म्हटले.

“नेऊ दे,” मला म्हणाले. “मले चालवता येत नाही, मंग कोन चालवते?”

“मी शिकते, सर.”

“सायकल येते?”

“येते.”

“मंग निम्मी गाडी आली. पन मानूस यायच्या आधी पक्का परवाना पायजे.”

शौकीन महिन्या-सव्वा महिन्याने येणार होते. मी दुसऱ्याच दिवशी शिकाऊ परवान्याचा अर्ज केला. रविवारी मोटार शिकवणाऱ्यांची छोटी गाडी, आणि रोज संध्याकाळी शाळेच्या मैदानावर ही. डॉक्टर जारच्या सीटवर डोळे मिटून बसत. “उघडले का खोटं सांगतात,” म्हणत. “क्लच एकदम सोडू नोको. म्हशीच्या पोटातला हात होय तो. ती ढिली पडली का मंग सरकवायचा.” या एका वाक्याने मला जे कळले ते चार रविवारांत कळले नव्हते. तरी एका संध्याकाळी मी फुटबॉलच्या खांबाला धडकलेच. डॉक्टर डोळे न उघडता ओरडले, “गोल!”

पक्का परवाना मिळाला त्याच आठवड्यात नागपूरचे गृहस्थ आले. भला माणूस. टॉर्च घेऊन तासभर गाडीभोवती फिरले, ट्रॅक्टरचा दिवा पाहून चक् चक् केले. मग विचारले, “डॉक्टर, ओरिजिनल इंजिन?”

डॉक्टरांनी त्यांना मागच्या अंगणात नेले. बैल रवंथ करत उभा होता. गृहस्थ आधी बैलाकडे पाहत राहिले, मग खाली पाहिले, आणि मटकन बाजेवर बसले. “अरे देवा! तुम्ही याला बैल बांधलाय?”

“हलत नाही,” डॉक्टर म्हणाले.

चहा आला. गृहस्थ सांगू लागले, सगळे उतरवू, जशी कारखान्यातून निघाली तशी करू, मोठ्या हॉलमध्ये ठेवू.

“रोज चालवाल?” डॉक्टरांनी विचारले.

“छे हो! वर्षातून एकदा मिरवणुकीत. तीही ट्रेलरवरून नेऊ.”

डॉक्टर बशीतला चहा तसाच धरून बसले. तेवढ्यात माझा फोन वाजला. चौदा किलोमीटर आतले गाव. म्हैस सकाळपासून अडली होती, पारडाचा एक पाय मागे वळला होता. दुपारची बस निघून गेली होती.

डॉक्टरांनी मान थोडी वळवली. मला पाहायचे असले की आता ते थेट नाही, माझ्या जरा बाजूला पाहत. खिशातून किल्ली काढून त्यांनी माझ्याकडे फेकली. ती दोन हात लांब, गृहस्थांच्या पायाशी पडली. मी उचलली.

“अहो, पण आपला व्यवहार?” गृहस्थ उभे राहिले.

“बैलाले दुसरा खुंटा भेटला का इंजिन घेऊन जा तुमी, असंच. असली तेच हाय,” डॉक्टर बूट घालता घालता म्हणाले. “बाकीची चालून राहिली.”

पुढच्या आठवड्यात गृहस्थ चार माणसे घेऊन आले आणि ते इंजिन लेकराला न्यावे तसे गोधडीत गुंडाळून घेऊन गेले.

किल्ली मिळाली त्या दिवशी मी कालव्याच्या जवळच्या वाटेने गाडी घातली. दोनदा बंद पडली. डॉक्टर मान कलती करून इंजिन ऐकत राहिले. गोठ्यात पोचल्यावर शर्ट काढून ते आडवे झाले, डोळे मिटले, आणि पाऊण तासाने वगार बाहेर आली. जिवंत, ओली, थरथरणारी. म्हशीचा मालक पाया पडू लागला तर म्हणाले, “माह्या नाही. मॅडमच्या पड. मी पायी आलो असतो तर उद्या पोचलो असतो.”

पुढे दीड वर्ष आम्ही असेच फिरलो. मग ते निवृत्त झाले आणि मुलीकडे रायपूरला गेले. जाताना गाडी माझ्या नावावर केली. अट एकच, रोज. अजून सकाळी सातला त्यांचा फोन येतो. मी फोन बॉनेटजवळ धरते. “पट्टा ढिला झाला,” ते तिकडून सांगतात, आणि तो झालेला असतो. माझ्या शिक्षणासाठी बाबांनी, आईने, शाळेतल्या गुरुजींनी काय केले ते मी कधी विसरणार नाही. पण शिकलेल्या माणसाने पुढच्या गावापर्यंत पोचले पाहिजे, हे मला डॉक्टरांनी शिकवले.

त्यांची आठवण आली की मात्र मला त्या अडलेल्या म्हशीकडून परतीची वाट दिसते. येताना डांबरी रस्त्यावरच्या गावात दोन गाई माजावर होत्या म्हणून आम्ही तो रस्ता धरला. दोन्ही हातांत जार कवटाळून डॉक्टर शेजारी बसले होते, हाताला अजून म्हशीचा वास. वळण संपले आणि समोर अर्धा रस्ता पिवळा. मी वेग कमी केला, श्वास धरला आणि डावी चाके मुरमात उतरवली. गाडी तिरपी झाली. पोट खरवडले.

“धान?” डॉक्टरांनी विचारले.

“हो, सर.”

त्यांनी जार आणखी घट्ट धरला.

सगनाबाई दाताळे टेकवून उभ्या होत्या. एकही दाणा चाकाखाली आला नाही हे त्यांनी नीट पाहून घेतले आणि मग मोठ्याने म्हणाल्या, “डाक्टर, आज बरोबर चालवून राहिले जी!”

“मी कोठं चालवून राहिलो?” जारच्या झाकणावरून डॉक्टर ओरडले. “मी जार होय!”