साहेबासाठी साजरी केलेली टाकी

कसं सांगू, आणि कुठल्या तोंडानं सांगू? हसायचं तर हसा, पण चहा सांडू नका. आमच्याकडं दूध मोजून मिळतं.

मार्गासनीच्या अलीकडं आमचं गाव. सत्तर सालानंतरची गोष्ट. सरकारनं गोबरगॅसचं खूळ काढलं होतं. टाकी बांधायला अनुदान, वर आमच्या पंचायतीचा ठराव: ज्याची शेगडी पेटलेली तालुक्याचा साहेब डोळ्यांनी बघेल, त्याची घरपट्टी माफ. सरपंच माझा चुलतभाऊ. त्याच्या हातात पट्टी ठेवायची म्हटलं की माझा हात खिशातच अडकायचा. बांधली टाकी!

पण खरं सांगतो, जीव जडला हो तिच्यावर. पहाटे अंगणात जाऊन बसायचो. धुक्यात टाकीवरचं लोखंडी पिंप गॅसनं हळूहळू वर यायचं, गाभण म्हशीच्या पोटासारखं. मग आमची हौसा शेगडी पेटवायची. निळी ज्योत! धूर नाही, आवाज नाही. राजगडावर चांदणं उतरताना बघावं, तसा मी बघत बसायचो. दूध उतू गेलं तरी कळायचं नाही.

"अवं, म्हशीकडं बघा जरा," हौसा म्हणायची. "त्या ज्योतीला काय वैरण घालायचीय?"

मी ऐकतोय कशाला! त्याच तंद्रीत पहार घेतली आणि जुनी चूल फोडून टाकली.

"साहेब येऊन जाऊ द्या की आधी!" हौसा ओरडली.

"गप. चुलीचं राज संपलं."

साहेब सोमवारी येणार असा सांगावा आला आणि मला घोर लागला. टाकी म्हणजे शेवटी शेणाचं डबकं. साहेबानं नाकाला रुमाल लावला आणि लांबूनच माघारी फिरला, तर ज्योत बघणार कोण? पाहुणा येणार म्हटल्यावर आपण शेणानं अंगण सारवतो. पण शेणालाच कशानं सारवायचं?

तेव्हा आठवला भोरच्या दवाखान्यातला वास. शिकलेल्या माणसांना तोच आवडत असणार, नाहीतर एवढं फिनेल ओततील कशाला? आणलं भोरहून आणि रोजच्या शेणकाल्यात दिलं ओतून.

ज्योत जरा मलूल झाली. म्हटलं, टाकीत घाण साठली असेल. आणखी ओतलं! पिंप खाली बसायला लागलं. आणखी!

"अवं, हिला झालंय काय?"

"न्हायल्यावर म्हस बी गप पडती," मी म्हणालो. "साहेबासाठी दम राखून ठिवतीय ती."

सोमवारी साहेब आला. मागं सरपंच, मिशीत हसत. साहेब टाकीपाशी गेला. रुमाल काढलाच नाही! माझी छाती फुगली. मग त्यानं नाक ओढलं.

"आबा, ही टाकी आहे का ऑपरेशनची खोली?"

"फिनेल घातलंय साहेब, तुमच्यासाठी. एक जंतू घावायचा न्हाई!"

साहेब तिथंच कट्ट्यावर बसला. "अहो, शेणातले जंतूच तर गॅस करतात! तुम्ही सगळे कामगार मारून टाकलेत!"

तरी मी काडी ओढली. काडी जळली, बोट जळलं, शेगडी गार.

मग साहेबाचा चहा? अंगणात, तीन धोंड्यांवर. ओल्या फाट्यांचा असा धूर झाला, की साहेबाचे डोळे गळायला लागले. सरपंचाला वाटलं, साहेब माझी दशा बघून रडतोय.

"टाकी उपसा, नव्यानं भरा, गॅस धरला की बोलवा," असं सांगून साहेब गेला. पण तोवर खायचं काय?

"चूल फोडली कुणी?" हौसा कमरेवर हात ठेवून उभी. "मग त्यानंच घालायची."

आमच्याकडं चूल घालायची ती बायांनीच. पण सांगतो कुणाला? दारात बसून माती तुडवली आणि थापायला लागलो. पाण्याला निघालेल्या बाया मुद्दाम वाट वाकडी करून बघून गेल्या. त्यात सरपंच पुन्हा हजर!

"दादा, घरपट्टी?"

माझे हात चिखलात. आतून हौसाच बोलली, "भावजी, तुमच्या घरी चूल घालायची असंल तर सांगा. ह्यांना लावून देते. पट्टीत वळती करा."

आता ही थट्टा, हे कुणालाही कळेल. पण तो लेकाचा खरंच विचारात पडला हो! माझी वाकडी चूल चारी बाजूंनी बघितली आणि म्हणाला, "वैनी, दोन लागतील."