ठमाआक्का आणि वरल्या रानातला डेपो

ठमाआक्का माझ्या शेजारी राहतात. मी लग्न होऊन या वस्तीत आले, तेव्हा त्यांनी चूल पेटवायला पहिला विस्तव दिला आणि वर म्हणाल्या, "लागंल ते मागत जा. माज्याकडं मागायला येणारं कुणी न्हाय." तेव्हा मला ते बोलणं थट्टेचं वाटलं होतं.

त्यांना इंदापूर तालुक्यात दिलं होतं. नवरा काविळीनं गेला. पदरात मूल नव्हतं. सासरच्यांनी वर्षश्राद्ध उरकलं आणि ट्रंकेसकट एसटीत बसवून दिलं. फाट्यावर थोरले भाऊ मानसिंगआबा बैलगाडी घेऊन उभे होते. त्यांनी ट्रंक उचलून गाडीत ठेवली, बस्स. पुढं त्यांनी आपल्या वाटणीतला ओढ्याकाठचा तुकडा बहिणीच्या नावावर केला. भावकीत त्यावरून पुष्कळ बोलणं झालं. आबा एवढंच म्हणाले, "माज्यातलं देतोय. तुमच्यातलं मागाय आलो असतो, तर बोलला असता." तिथंच आक्कांचं घर उभं राहिलं, आणि मग आजूबाजूला आमची खालची वस्ती वाढली.

त्या तुकड्यात आक्का भेंडी, गवार, दोडका करायच्या आणि बारामतीच्या मंडईत नेऊन विकायच्या. आबांचा ऊस मात्र वरल्या रानात, कालव्याच्या अंगाला. तिथं भावकीची सामाईक विहीर आहे. आमच्या गावात तिला हीरच म्हणतात.

आबांना थोरल्या लेकीनंतर, वृषालीनंतर, मुलगा झाला, दिग्विजय. त्याच्या वेळी त्याची आई साखरबाई फार आजारी पडली, म्हणून ते पोर आक्कांच्या कडेवर वाढलं. शाळेतून सुटला की आधी आत्याकडं, मग घरी. मोठा झाला, डिप्लोमा केला, तरी त्याची सवय गेली नाही. ट्रॅक्टर रस्त्यात उभा करून तो आमच्या वस्तीत यायचा आणि उभ्या उभ्या आक्कांच्या टोपल्यातली भाकरी खायचा. आक्का रागवायच्या, "बसून खा की. घोडा हायेस का?"

एका पावसाळ्यात तो विहिरीवर मोटर चालू करायला गेला. स्टार्टरच्या पेटीत करंट उतरला होता. वेळ झाला तरी पोरगं येत नाही म्हणून आबा बघायला गेले, आणि त्यांनाच तो सापडला. पुढचं मी सांगत नाही. लग्न ठरवायला पाहुणे यायचे होते त्याच आठवड्यात.

त्यानंतर आबांनी शेतीतलं मन काढलं, पण शेत सुटलं नाही. ऊस लावावाच लागला. रोज त्या विहिरीवरून जावंच लागलं. पुढच्या पंचवार्षिकला आमच्या वॉर्डात बाईची जागा आली, तेव्हा आबांनीच आक्कांना उभं केलं. "घरात बसून कुढण्यापरीस चार मानसांत बसशील," म्हणाले. आबांच्या बहिणीविरुद्ध उभं कोण राहणार? आक्का बिनविरोध सदस्य झाल्या. सभेला जायच्या, ग्रामसेवकाकडून ठराव वाचून घ्यायच्या, कळेपर्यंत पुन्हा वाचायला लावायच्या आणि मगच सही करायच्या. वस्तीवर दिवा आणि गटार त्यांनीच आणलं.

मग डेपोचं निघालं. एका कंपनीला पेट्रोल-डिझेल साठवायच्या मोठ्या टाक्या बांधायच्या होत्या. रस्ता जवळ, जमीन सपाट, म्हणून त्यांनी आमचं वरलं रान पसंत केलं. आबा आणि त्यांची भावकी द्यायला तयार होती. तालुक्याचे साहेब पाहणी करून गेले. उसाच्या कडेनं चुन्याच्या रेघा पडल्या. आता ग्रामसभेनं ना हरकत ठराव दिला की झालं, असं सरपंच नागेशराव सगळ्यांना सांगत होते. गावातल्या पोरांना कामं लागतील, पंचायतीला घरपट्टी मिळेल, रस्ता रुंद होईल. यात खोटं काही नव्हतं.

पण वरल्या रानाचं पाणी खाली येतं ते आमच्याच ओढ्याला. दोन उन्हाळ्यांपूर्वी वळणावर डिझेलचा एक टँकर ओढ्यात उलटला होता. तेल वाहून गेलं असं आम्ही समजलो, तर पुढच्या महिन्यात आमच्या आडांच्या पाण्याला वास यायला लागला. भात शिजवला की वास, आंघोळीला घेतलं की अंगाला वास. माझ्या लहानीच्या अंगावर चट्टे उठले होते. पाऊस पडेपर्यंत आम्ही बाया कालव्यावरून हंडे वाहत होतो. एका टँकरनं एवढं केलं, तर टाक्या काय करतील, हे वस्तीतल्या प्रत्येकाच्या मनात होतं. बोलत कुणीच नव्हतं. वस्तीतली निम्मी माणसं आबांच्या उसात राबलेली. कुणाच्या पोरीच्या लग्नाला त्यांचा ट्रॅक्टर गेलेला, कुणाला त्यांनी दवाखान्यात नेलेलं. त्यांच्या तोंडावर कोण बोलणार?

सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आबा आक्कांकडं आले. मी तेव्हा त्यांच्या पडवीत गवार निसत बसले होते. उठायला लागले, तर आबाच म्हणाले, "बस पोरी. चोरून बोलायचं काय न्हाय."

आक्कांनी चहा ठेवला. आबा कप हातात धरून बसले.

"ठमे, उद्याच्याला तू काय म्हननार हायेस?"

"अजून इचार न्हाय केला, दादा."

"लोक म्हनत्यात, मला पैशाची हाव सुटली. सुटू दे. मला पैसा नको हाय. पैसा कुनाला ठेवू?" ते कपाकडं बघत म्हणाले, "ती मानसं हीर बुजवनार हायेत. नकाशात दावलं मला. मुरूम टाकून, वर रूळ फिरवून. हीर हुती हे कळनार बी न्हाय."

आक्कांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"मला एकट्याला बुजवता येत न्हाय. भावकीची हाय. दुसऱ्या कुनाला रान इकलं, तरी तो हीर ठेवनारच. पान्याची हीर कोन बुजवतंय? हेच एक गिऱ्हाईक हाय, ज्येला पानी नको." मग अगदी हळू म्हणाले, "रोज सकाळी तितनं जावं लागतं गं. रोज सकाळी तो मला तितं दिसतो."

आक्कांनी पदर तोंडाला लावला. आबांनी चहा तसाच ठेवला आणि निघाले. दारात वळून म्हणाले, "तुला जास्ती सांगाय नको." बहीण आपल्या बाजूनं आहे, असंच त्यांनी धरलं असणार. त्यांच्या जागी कुणीही तेच धरलं असतं.

ते गेल्यावर आक्का माझ्याजवळ येऊन बसल्या आणि गवार निसायला लागल्या. शेंगा टाकायच्या त्या ठेवत होत्या आणि ठेवायच्या त्या टाकत होत्या. मग म्हणाल्या, "त्यो माजाबी हुता की गं."

ग्रामसभा मारुतीच्या देवळात भरली. कंपनीचा साहेब नकाशे घेऊन आला होता. शांत स्वभावाचा, तरुण माणूस होता. त्यानं सगळं नीट समजावून सांगितलं. टाक्यांना दुहेरी पत्रा, भोवती काँक्रीटची भिंत, आग विझवायची सोय. मग नागेशरावांनी विचारलं, "कुणाची काही हरकत?" आणि कुणी बोलणार नाही म्हणून ठरावाचा कागद पुढं ओढला.

आक्का उठल्या. डोक्यावरचा पदर नीट केला.

"साहेब, तेल खाली आलं, तर वास किती दिवस राहतो?"

साहेब म्हणाला, "आजी, ते खाली येऊ नये म्हणूनच भिंत आहे. शक्यता फारच कमी आहे."

"कमी हाय. न्हाय असं न्हाय."

त्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, "नाही असं मी कसं म्हणू? तसं म्हटलं, तर ते खोटं होईल."

"तुमी खरं बोलला, बरं वाटलं," आक्का म्हणाल्या. "मंग मीबी खरं बोलते. मी खालच्या वस्तीची मेंबर हाय. आमी त्या पान्यावर जगतो. पोरं तेच पानी पित्यात. एकदा झालंय, आमी बघितलंय. माजी हरकत लिहून घ्या."

आबा मागं खांबाला टेकून उभे होते. आक्कांनी त्यांच्याकडं बघितलं नाही. मी बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. फाट्यावर एसटी थांबेल म्हणून हात करावा आणि ती तशीच पुढं निघून जावी, तसा तो चेहरा झाला होता. त्यांनी टोपी घातली आणि चपला पायात सरकवून निघून गेले.

मग आमच्यातला गेणबा उठला. आयुष्यभर आबांच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर राहिलेला माणूस. म्हणाला, "माजीबी हरकत हाय." त्याच्यामागं एकेक करत सगळी वस्ती उठली, आणि गावातलेही बरेच. ठराव नामंजूर झाला. ग्रामसेवकानं तसं लिहिलं, तालुक्याला कळवलं. थोड्याच दिवसांत रानातल्या चुन्याच्या रेघा पावसानं धुऊन गेल्या.

वस्तीनं आक्कांचा सत्कार करायचं ठरवलं. शाल-नारळ आणलं होतं. आक्कांनी दाराला आतनं कडी घातली आणि आम्ही परत जाईपर्यंत काढली नाही.

आबांनी त्यांना एका शब्दानं दुखवलं नाही. तेच वाईट झालं. भांडले असते, तर आक्कांनीही चार शब्द बोलून घेतले असते. भाऊबीजेला आक्का ताट घेऊन गेल्या. आबा पाटावर बसले, कुंकू लावून घेतलं, ओवाळून घेतलं, दरवर्षीसारखी साडी ताटात ठेवली. तोंडातून चकार शब्द नाही. आक्का परत आल्या त्या ताट तसंच धरून. निरांजन वाटेतच विझलं होतं.

त्या हिवाळ्यात आबांनी रान वाट्यानं दिलं आणि साखरबाईला घेऊन ते भवानीनगरला लेकीकडं राहायला गेले. वृषालीचा नवरा कारखान्यात कामाला आहे. त्यांच्या क्वार्टरच्या दारात आबा दिवसभर खुर्ची टाकून बसायचे आणि उसाच्या गाड्या बघायचे, असं साखरबाई सांगते. आक्का दोनदा भेटायला गेल्या. दोन्ही वेळा आबांनी "आलीस?" एवढं विचारलं आणि पुन्हा रस्त्याकडं बघत बसले.

मग निरोप आला की आबांना अर्धांगवायूचा झटका आला आहे, बारामतीला दवाखान्यात ठेवलंय. आक्कांबरोबर मी गेले. आबांचा एक हात गेला होता, जीभ जड झाली होती. कुणाला ओळखत होते, कुणाला नाही. वृषालीला ते 'आई' म्हणत होते. आक्का उशाशी बसल्या, तेव्हा मात्र त्यांनी बरोबर ओळखलं.

"ठमे," ते म्हणाले. पुढचे शब्द जुळवायला त्यांना फार वेळ लागला. "हीर... बुजली का?"

साखरबाई तोंड फिरवून खिडकीशी गेली. आक्कांनी भावाचा चांगला हात दोन्ही हातांत घेतला.

"व्हय, दादा. बुजली."

"मुरूम टाकला?"

"मुरूम टाकला. रूळबी फिरवला. काय बी दिसत न्हाय आता तितं."

आबांनी मान हलवली. त्यांचा चेहरा सैल झाला, एवढं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

दशक्रियेनंतर आक्का भावकीतल्या एकेकाच्या दारात गेल्या. "तेवढी हीर बुजवा," म्हणाल्या, "लागलं तर माजा तुकडा घ्या." भावकीनं ऐकून घेतलं, चहा पाजला. पाण्याच्या विहिरीवर सगळ्यांचा ऊस उभा होता. कोण बुजवणार? आक्कांनी स्टार्टरची ती जुनी पेटी तेवढी काढायला लावली. विहीर आजही आहे, आणि तिला चांगलं पाणी आहे.

पुढच्या निवडणुकीला आक्का उभ्या राहिल्या नाहीत. सगळ्यांनी खूप आग्रह केला. त्या म्हणाल्या, "आता मला कुनाच्या बाजूनं बोलायचं न्हाय."

कंपनीला दुसरीकडं जागा मिळाली असं ऐकलं होतं. गेल्या वर्षी मी आणि आक्का साखरबाईला भेटायला निघालो, तेव्हा एसटीतून लांबवर पांढऱ्या टाक्या दिसल्या. त्याच डेपोच्या होत्या की आणखी कुणाच्या, मला माहीत नाही. आक्कांनी कंडक्टरला विचारलं, "त्या टाक्यांच्या खालच्या अंगाला वस्ती हाय का वो?"

"असंल की, मावशी. वस्ती कुठं न्हाय?" तो म्हणाला आणि पुढं तिकिटं फाडायला गेला. आक्का भवानीनगर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होत्या.

साखरबाईला क्वार्टरमध्ये करमत नव्हतं. जावयाच्या घरी किती दिवस काढायचे, असं तिला झालं होतं. त्या दिवशी परत निघताना तिनं न बोलता आपली पिशवी भरली आणि आमच्याबरोबर गाडीत बसली. वाटेत तिनं एकदाच तो विषय काढला.

"तुमी दवाखान्यात खोटं बोलला, ते मला कळलं हुतं, वन्सं. मी तितंच म्हननार हुते, न्हाय बुजली म्हनून. मंग त्येंचं तोंड बघितलं."

"तुमी बोलला असता, तर बरं झालं असतं का?" आक्कांनी विचारलं.

साखरबाईनं पिशवी मांडीवर ओढून घेतली.

आता दोघी ओढ्याकाठच्या घरात राहतात. आबांचं वरलं घर बंदच आहे. साखरबाईचे गुडघे धरलेत, आक्कांना एका डोळ्यानं कमी दिसतं. भाजी आता मी आणि माझी लहानी मंडईत नेतो. मिठावरून, झोपायच्या जागेवरून दोघींची रोज कुरबुर चालते, ती भिंतीपलीकडून ऐकू येते. ज्या दिवशी येत नाही, त्या दिवशी मी काहीतरी निमित्त काढून जाते. त्या दिवशी दोघी पडवीत बसलेल्या असतात, समोर पाण्याची कळशी भरलेली असते, आणि कुणीच कुणाशी बोलत नसतं.