छावणीतल्या पिलाचं नाव

आमच्या कुत्र्याला नाव ठेवायला आम्हाला जवळजवळ महिना लागला. खरं तर एवढा वेळ लागण्यासारखं त्यात काही नव्हतं. आमच्या शिरूर कासारकडच्या गावांत कुत्र्यांची नावं ठरलेली असतात. काळं असलं की काळ्या, ठिपके असले की टिप्या, काहीच सुचलं नाही की मोत्या.

तो दुष्काळाचा उन्हाळा होता आणि मी अकरा वर्षांची होते. गावच्या दूध सोसायटीनं तलावाजवळच्या माळावर जनावरांची छावणी उघडली होती. आमचे दोन बैल आणि एक गाय तिथं दावणीला होती, आणि त्यांच्यासोबत मी आणि माय. चार बांबू रोवून त्यावर जुनी लुगडी टाकली होती, तेच आमचं घर. माझे वडील, आण्णा, सकाळी विहिरीच्या खोदकामावर जायचे आणि संध्याकाळी छावणीतच जेवायला यायचे.

माय त्या उन्हाळ्यात फार कमी बोलायची. त्याआधीच्या हंगामात आम्ही ऊसतोडीला गेलो होतो, तेव्हा कारखान्यावरच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, तिला मुलगा झाला होता. माझा भाऊ नऊ दिवस जगला. अंग पिवळं पडत गेलं, दूध ओढेनासं झालं, आणि नवव्या दिवशी पहाटे तो गेला. आण्णा आणि टोळीतला एक म्हातारा त्याला घेऊन गेले आणि उजाडायच्या आत परत आले. बाराव्या दिवशी, म्हणजे ज्या दिवशी बारसं व्हायचं त्या दिवशी, माय फडात उसाच्या मोळ्या बांधत होती. घरात त्याचा विषय कोणी काढला नाही. त्याला नावच नव्हतं, त्यामुळे विषय काढायचा तरी कसा, असं मला वाटायचं.

पिलू आलं ते चाऱ्याच्या ट्रॉलीतून. ऊस उतरवताना वाढ्यांच्या, उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, खाली ते दबून बसलेलं सापडलं. तांबूस रंगाचं, एक कान मोडलेला, डोळे चिपडांनी चिकटलेले. ट्रॉलीवाला म्हणाला, कुठून चढलं देव जाणे. मी ते परकरात गुंडाळून आणलं. मायनं ओल्या चिंधीनं त्याचे डोळे पुसले आणि आपल्या चहातला घोटभर चहा वाटीत ओतून त्याच्यापुढं ठेवला. तिनं आपणहून काही केलेलं मी कित्येक दिवसांनी बघत होते.

मग नावाचा खेळ सुरू झाला. छावणीत माणसांना दिवसभर उद्योग नव्हता. सकाळी चारा वाटून झाला की ज्याला त्याला नाव सुचायचं. सोसायटीचे सेक्रेटरी रोज जनावरांचे कानातले बिल्ले तपासत फिरायचे. ते म्हणाले, याला वाघ्या म्हणा, मोठं झालं की राखण करील. शेजारच्या दावणीची बाई म्हणाली, तांबडं हाय तर तांब्या म्हणा. मी रोज नवं नाव घेऊन हाक मारायचे आणि पिलू कशालाच कान द्यायचं नाही. मायला विचारलं तर ती म्हणायची, "ठिवू की. घाई कावून करतीस?"

ती त्याला नुसतं 'ये' म्हणायची. निदान माझा तसा समज होता.

पाण्याचा टँकर दुपारी यायचा. सगळ्या बाया घागरी, कळशा घेऊन हौदाजवळ उभ्या राहायच्या. एक दिवस टँकर हौदाकडे मागं येत होता, आणि पिलू सावली बघून त्याच्या मागच्या चाकाजवळ जाऊन बसलं. मी लांब होते. मायनं ते बघितलं आणि ती ओरडली. तिनं एक नाव घेतलं. माणसाचं नाव, आमच्याकडे मुलांना ठेवतात तसं. मी ते तिच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं.

पोर चाकाखाली आलं असं समजून बाया घागरी टाकून धावल्या. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. सगळ्यांच्या पुढं शेजारच्या दावणीची बाई होती, कारण तिच्या मुलाचं नाव तेच होतं. ती चाकाशी वाकली. तिथं तिचा मुलगा नव्हता. आमचं पिलू शेपूट हलवत तिथून निघून मायच्या पायाशी जाऊन बसलं होतं. नावानं बोलावल्यासारखं.

आधी ती बाई रडली आणि मग भडकली. "माझ्या लेकराचं नाव कुत्र्याला ठिवलं तू? तुला काई वाटलं न्हाई?" बाकीच्या बायाही तिच्या बाजूनं बोलायला लागल्या. माणसाचं नाव कुत्र्याला कोणी ठेवतं का, लेकराला काही झालं तर, असं बरंच. माय पिलाला उचलून सावलीत जाऊन बसली. घागर तशीच हौदाशी राहिली, ती मी भरून आणली.

संध्याकाळी आण्णा आले तोवर त्यांच्या कानावर सगळं गेलं होतं. मला वाटलं, आता ते चिडणार. ते हातपाय न धुताच मायच्या समोर बसले.

"त्याचं ठिवायचं ठरिवलं व्हतं का हे नाव?" त्यांनी विचारलं.

"व्हय," माय म्हणाली.

एवढंच बोलणं झालं. मी भाकरी मोडत होते आणि तेव्हा मला कळलं, की माझ्या भावाला नाव होतं. बारशाआधी नाव सांगायचं नसतं म्हणून मायनं ते कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि नंतर सांगायचं कुणाला? महिनाभर ती दुपारी, सगळे झोपले की, पिलाला त्या नावानं हळूच बोलवत असली पाहिजे. त्याशिवाय ते असं आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी माय त्या बाईकडे जाऊन म्हणाली, चुकलं माझं, आता नाही म्हणणार. आणि खरंच तिनं हाक मारायची सोडली. आण्णांनी पिलाचं नाव मोत्या ठेवलं. ते त्या नावाला ढुंकूनही बघायचं नाही. माय समोरून गेली की मात्र ते उभं राहायचं, मोडका कान हलवायचं आणि तिच्या तोंडाकडे बघत राहायचं. माय नजर वळवायची. मला ते बघवेना. पाणी भरताना मी त्या बाईला सगळं सांगून टाकलं. कोपी, नऊ दिवस, सगळं. तिची कळशी भरून वाहायला लागली तरी तिचं लक्ष नव्हतं.

त्या दुपारी ती आमच्या सावलीत आली आणि मायच्या शेजारी बसली. दोघी उगाच जनावरांबद्दल बोलल्या. उठताना तिनं मायच्या पाठीवर हात ठेवला. "तू मार त्याला हाक," ती म्हणाली. "माझं काई म्हणणं न्हाई. नाव काय एकट्याचं असतंय व्हय?"

मायनं तोंडाला पदर लावला. त्यानंतर ती पिलाला त्याच नावानं बोलवायची, पण हळू, आमच्यापुरतं. ते नाव मी इथं लिहीत नाही. त्या बाईचा मुलगा आता नातवंडांचा आजोबा आहे, गावात त्या नावाची आणखी चार माणसं आहेत, आणि मायनं ते आपल्यापुरतं ठेवलं होतं.

पाऊस उशिरा आणि थोडाच आला. छावणी उठली. दिवाळीनंतर मुकादमाचा निरोप आला, तोडीला निघायचं. त्या वर्षी लांबचा कारखाना मिळाला होता. ट्रॉलीत माणसं, भांडी, शेळ्या, कोंबड्या, सगळंच भरत होते. दुसऱ्यांची दोन कुत्रीही चढवली होती. पिलू आता चांगलं उंच झालं होतं. आण्णांनी त्याला उचलून ट्रॉलीत ठेवलं. माय पुढं झाली आणि तिनं त्याला खाली उतरवलं.

"याला तिथं न्हाई न्यायचं," ती म्हणाली.

आण्णा म्हणाले, हा कारखाना दुसरा आहे. ती म्हणाली, "कोपी तर तीच हाय."

तिनं त्याला दूध सोसायटीच्या राखणदाराकडे दिलं. तो भला माणूस होता. पण ट्रॅक्टर निघाला तसं कुत्रं त्याच्या हातून सुटलं आणि आमच्या मागं धावायला लागलं. फाट्यापर्यंत आलं. धुरळ्यात ते दिसायचं आणि नाहीसं व्हायचं. मी मायचा हात हलवला, म्हटलं, त्याला थांब म्हण, तुझंच ऐकतं ते. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला होता. हाक मारली असती तर ते थांबलं नसतं, आणखी जोरात आलं असतं. हे तिला कळत होतं, मला नाही. डांबरी सडकेवर ट्रॅक्टरनं वेग घेतला आणि ते मागं पडलं.

गुढीपाडव्याच्या आसपास आम्ही परत आलो तेव्हा कुत्रं नव्हतं. राखणदारानं खाली मान घालून सांगितलं, की आठ-दहा दिवस ते नीट खात नव्हतं, रोज फाट्यावर जाऊन बसायचं, आणि मग एक दिवस तिथूनच कुठं तरी निघून गेलं. मायनं भांड्यांचं पोतं अंगणात ठेवलं आणि तशीच चालायला लागली. मागं आण्णा, मागं मी.

आम्ही दोन दिवस शोधलं. वाड्या, वस्त्या, तलावाचा कोरडा तळ. लोक विचारायचे, कुत्र्याचं नाव काय, आणि माय पुढं चालायला लागायची. दुसऱ्या दिवशी दुपारी छावणीच्या त्या उघड्या माळावर ती दमून उभी राहिली. तेव्हा आण्णा दोन पावलं पुढं गेले, तोंडाशी हात धरले आणि त्यांनी ते नाव घेऊन हाक मारली. त्याआधी ते नाव त्यांनी एकदाही उच्चारलेलं नव्हतं. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा त्यांचा आवाज फाटला.

माय बांधावर बसली आणि रडायला लागली. भाऊ गेला तेव्हाही मी तिला असं रडताना बघितलं नव्हतं. आण्णा तिच्यापासून थोडे लांब बसले.

रडणं ओसरल्यावर तिनं विचारलं, "कुठं ठिवलं त्याला?"

कुत्र्याबद्दल ती विचारत नव्हती.

"पाटाच्या कडंला," आण्णा म्हणाले. "बाभळीखाली. वर धोंडा ठिवलाय."

"अंगावर काई व्हतं का? लई थंडी व्हती तवा."

"माझं धोतर फाडून गुंडाळलं व्हतं. तोंड बी झाकलं व्हतं."

तिनं मान हलवली. नीट केलंत, असं काहीसं ती म्हणाली. सव्वा वर्षात तिनं हे विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. कुत्रं सापडलं नाही. आम्ही घरी आलो, मायनं चूल पेटवली.

पुढच्या हंगामात आण्णांनी मुकादमाला सांगून मुद्दाम तोच जुना कारखाना मागून घेतला. मीही गेले होते. पहिल्याच सकाळी, टोळी फडात उतरायच्या आधी, आम्ही तिघं पाटाच्या कडेनं चालत गेलो. पाट रुंद करून त्याला सिमेंट लावलं होतं. बाभळी तोडल्या होत्या. आण्णा इकडून तिकडे गेले, परत आले, एका ठिकाणी थांबले, मग पुढं दुसऱ्या ठिकाणी. शेवटी म्हणाले, "हितंच कुठंतरी."

मायनं तांब्यातलं पाणी त्या कडेनं थोडं थोडं ओतत नेलं, बरंच लांबपर्यंत, म्हणजे कुठं तरी त्याच्यापर्यंत पोचेल. ओठ हलत होते, पण आवाज मला ऐकू आला नाही. फडातून मुकादम ओरडला. तिनं रिकामा तांब्या माझ्या हातात दिला आणि डोक्याला फडकं बांधलं.

"चला," ती आण्णांना म्हणाली, "गाडी भरायची हाय."