धर्मा तांडेलाची भट्टी

मढच्या कोळीवाड्यात धर्माचं नाव निघालं की लोक म्हणायचे, "माणूस लाखात एक, पण भंगाराचा नाद वाईट." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. तुटका नांगर, इंजिनाचा मोडका पंखा, कुणी टाकलेली लोखंडी खाट, काही म्हणून फेकलेलं त्याला बघवत नसे.

वीस वर्षं तो होडीवर तांडेल होता. तांडेल म्हणजे होडीचा कर्ता. त्याचा शब्द शेवटचा. होडीवर जेवण शिजलं की पहिला वाटा तांडेलाच्या ताटात पडायचा आणि त्याने घास घेतल्याशिवाय एकही खलाशी हात लावत नसे. मग त्र्याऐंशीच्या हंगामात ओल्या फळीवरून पाय घसरला, गुडघा गेला, आणि डॉक्टरने दर्या कायमचा बंद केला. होडी धाकट्या भावाकडे, लवूकडे गेली. त्याचं धर्माला वाईट वाटलं नाही, लवू त्याच्याच हाताखाली शिकलेला. बोचत होतं ते निराळंच. कालपर्यंत 'तांडेल' म्हणून हाक मारणारी माणसं आता 'धर्माकाका' म्हणू लागली होती. काका काय, रस्त्यात भेटेल त्या म्हाताऱ्याला म्हणतात! ती जुनी हाक पुन्हा एकदा ऐकायला मिळावी, एवढंच त्याला वाटायचं. बोलून मात्र त्याने कुणालाच दाखवलं नव्हतं.

पंच्याऐंशीच्या मे महिन्यात किनाऱ्यावरच्या बंगल्यातली म्हातारी पारशी बाई मुलाकडे परदेशी निघाली. परसातल्या एका लोखंडी सांगाड्याकडे बोट दाखवून तिने धर्माला सांगितलं, "आ भंगारमा आपी देजो," म्हणजे हे भंगारात देऊन टाक. सांगाडा म्हणजे तिच्या नवऱ्याने बोटीवरून आणवलेली मांस-मासळी भाजायची गॅसची भट्टी होती. चार पायांची, वर झाकण, आत लोखंडी सळ्या, सळ्यांखाली बारीक भोकांच्या तीन नळ्या. खाऱ्या वाऱ्याने तिची पार दशा केली होती. एक पाय गंजाने खाल्लेला, तळाला हात जाईल एवढं भोक, झाकण असं घट्ट बसलेलं की दोघांनी ओढूनही हलेना. धर्माने ती हातगाडीवर घालून घरी आणली.

त्याची बायको मंजुळा बाजारात मासळी विकायची, आणि तिचा आवाज सगळ्या गिऱ्हाइकांच्या ओळखीचा होता. ती दारातच उभी राहिली.

"ह्यो सांगाडा घरान आनलात त मी भायेर जाईन!"

"अंगनान ठेवतो गो. पयलं म्हावरं येईल ना, तवा सगल्या आलीला यावर भाजून घालीन."

"आनि गॅस? गॅस कोन देल?"

धर्माने आत स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे मंजुळाचा सिलिंडर होता. सहा वर्षं नंबर लावून ती बसली होती, तेव्हा कुठे या वर्षी तो आला होता. तिने त्याला हळदकुंकू लावलं होतं, वर विणलेला रुमाल घातला होता, आणि स्वयंपाक अजून रॉकेलच्या स्टोवरच चालला होता. गॅस पेटायचा तो फक्त पाहुण्यांच्या चहापुरता.

"माज्या शिलिंडरला हात लावायचा नाय," तिने बजावलं. "सांगून ठेवतंय."

पावसाळ्यात होड्या वर ओढल्या गेल्या, तशी धर्माची भट्टीही शाकारलेल्या पडवीखाली आली. गंजाशी त्याचं जुनं वैर. आधी त्याने बिजागऱ्यांवर रॉकेल सोडलं आणि आठ दिवस त्यांना हात लावला नाही. नवव्या दिवशी झाकण कुरकुरत उघडलं, तेव्हा त्याने एकट्यानेच टाळी वाजवली. मग नारळाच्या काथ्याने आणि चिंचेच्या कोळाने घासणं सुरू झालं. नळाच्या गोड्या पाण्याने तो रोज भट्टी धुवायचा, कारण मीठ राहिलं तर गंज परत येणार. गोडं पाणी मोजून मिळायचं, त्यामुळे मंजुळा रोज तोंड सोडायची. मोडक्या पायाच्या जागी होडीचा जाड बोल्ट आला, तळाला तेलाच्या पिंपाचा पत्रा बसला. नळ्यांची बुजलेली भोकं त्याने स्टोच्या पिनेने एकेक करून मोकळी केली. आळीतली माणसं येता-जाता म्हणायची, "काका, बंगल्यात येतात त्या शूटिंगवाल्यांना द्या, भुताच्या पिक्चरात चालंल." धर्मा हसायचा आणि घासत राहायचा.

गिरणीचा संप बारगळल्यावर धर्माच्या ओळखीच्या काशीराम फिटरने मालाडला गॅसच्या शेगड्या दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. तो येऊन भट्टीभोवती दोनदा फिरला.

"ही शेगडी न्हय रे, आगबोट आसा ही! पण जेटाचा भोक मोठा, आपल्या सिलिंडराक चालाचा नाय." त्याने जेट बदलला, नवी रबरी नळी जोडली आणि जाताना पाठीवर थाप मारून गेला.

शेवटचा हात धर्माने स्वतःच्या अकलेने फिरवला. पावसाळ्यात होडीला मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, काळजाचं तेल पाजतात. लाकूड वर्षभर टिकतं. लाकूड टिकतं, मग लोखंड का नाही? त्याने भट्टीला आतून, बाहेरून, सळ्यांना, नळ्यांना तेलाचे दोन हात दिले. भट्टी चकाकू लागली. त्या आनंदात तो दोन घास जास्त जेवला.

नारळी पुनवेनंतर चौथ्या दिवशी लवूची होडी पापलेट घेऊन आली. दुपारी सगळी आळी ताटं घेऊन अंगणात हजर, आणि भट्टीची रबरी नळी मात्र नुसतीच लोंबत होती. मंजुळाकडे सिलिंडर मागायचं धर्माच्या जिभेवर येत होतं आणि परत जात होतं. आता सगळ्यांदेखत आपली शोभा होणार, हे त्याला कळून चुकलं.

तेवढ्यात घरातून गडगड आवाज आला. मंजुळा सिलिंडर लोळवत बाहेर येत होती.

"लावा," ती म्हणाली. "पन वास आला त परत नेईन."

काशीरामने साबणाचा फेस लावून नळी तपासली, धर्माने काडी ओढली. तिन्ही नळ्यांवर निळ्या ज्योतींच्या रांगा पेटल्या. आळीने आरोळी ठोकली.

दोन मिनिटांनी वास आला.

सुकत्या बोंबलांत वाढलेल्या माणसांना वासाचं काय नवल? पण मुशीचं तेल जळतं म्हणजे काय, ते त्या दिवशी आळीला कळलं. काळा धूर उठला, बायका नाकाला पदर लावून पळाल्या, काशीराम थेट विहिरीपलीकडे गेला. बंगल्यातल्या शूटिंगवरून एक माणूस धावत आला, "कुछ मर गया क्या?" धर्मा शरमेने अर्धा झाला. त्याने गॅस बंद करायला हात पुढे केला.

मंजुळाने मनगट धरलं.

"थांबा! नवा तवा आनला त मी काय करतंय? तेल लावून जालतंय. धूर सरला का मंग म्हावरं चिकटत नाय. जलू द्या."

"आनि वास?"

"चालीस वर्सं होडीच्या वासाच्या मानसासंगती ऱ्हायलंय मी," ती म्हणाली, आणि पदर नाकाला न लावता त्याच्या शेजारी उभी राहिली.

अर्ध्या तासाने धूर सरला. सळ्या काळ्याभोर, गुळगुळीत झाल्या होत्या. मसाला लावलेली पापलेटं पडली, चरचरली आणि उलटताना अलगद सुटली. त्या वासावर आळी पळाली तशी परत आली.

पहिलं पापलेट मंजुळाने उचललं. मासळी लवूच्या होडीची, तांडेल लवू. त्याने रीतीप्रमाणे ताट पुढे केलं. मंजुळाने त्याच्या ताटावरून हात पुढे नेला आणि मासा धर्माच्या ताटात ठेवला.

"पयला वाटा तांडेलाचा," ती म्हणाली. बाजारात भाव सांगावा तसं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

लवूने हसत ताट मागे घेतलं. कुणीच मासळीला हात लावेना. धर्माला आधी समजलंच नाही की सगळे कशासाठी थांबलेत. समजलं तेव्हा त्याने ताट जवळ ओढलं. त्याने तुकडा मोडला, सावकाश चावला, आणि दोन वर्षांत न काढलेल्या, होडीवरच्या खणखणीत आवाजात म्हणाला, "मीठ कमी हाय."

"गुमान खा, तांडेल!" मंजुळा ओरडली, आणि सगळी ताटं एकदम पुढे आली.