दगडाखालचा कोळसा

बायकोलाही कधी सांगितलं नाही, ते लिहितो. एक माणूस खरं बोलतोय हे डोळ्यांनी बघून मी त्याला कागदावर खोटा ठरवला.

मी तेव्हा चिकोडी तालुक्यात जमीनमोजणीचा कारकून होतो. तो निपाणीकडच्या एका गावचा तराळ, महारवाड्यातला. गावची शीव आणि बांध दाखवणं हे त्याच्या घराण्याचं काम. बोलण्याआधी काठी आपटायचा आणि सांगायचा, "हे बघितल्यालं," किंवा "हे ऐकल्यालं." सरमिसळ कधी नाही.

एकदा चेष्टेनं विचारलं, "वय किती रे तुझं?"

"ते ऐकल्यालं, रावसाब. जल्मलो तवा मी कुटं ध्येनात ठेवत हुतो?"

पाटलांसकट सगळे हसले.

त्या वर्षी महारवाड्याच्या मसणवटीच्या हद्दीचा वाद निघाला. पाटलांचं तंबाखूचं रान तिला लागून होतं. तराळानं काठी आपटली. "धोंडा धा पावलं आत सरकवलाय. हे बघितल्यालं. हितं उकरा, कोळसा घावंल." खुणेच्या दगडाखाली कोळसा पुरायची जुनी रीत; तो कुजत नाही, दगड हलवला तरी जुन्या जागीच राहतो.

"सकाळीच टाकून आलाय ह्यो," पाटील म्हणाले. "ह्याचं काय ऐकताय, रावसाहेब?"

"त्या धा पावलात माजा बा पुरलाय, आप्पा. आज कशाला पिऊन यीन?"

मी उकरायला लावलं नाही. लिहिलं : तराळ नशेत, भरवसा नाही. त्याच्या तोंडाला वास येतो का, हे बघायला जवळही गेलो नव्हतो. विटाळ होईल म्हणून. त्या लोकांबद्दल मला जे ठाऊक होतं, ते सगळं ऐकलेलंच.

मंडळी जेवायला गेल्यावर मात्र राहवेना. एकटाच परत गेलो, त्यानं दाखवल्या जागी हातभर उकरलं. कोळसा निघाला. माती परत लोटली, ओढ्यावर हात धुतले, आणि कागद तसाच वर पाठवला.

पुढच्या मोजणीला तो लांब उभा होता. मीच हाक मारून एक बांध विचारला. काठी बगलेतच राहिली. म्हणाला, "मला काय ठावं, रावसाब? पाटलास्नी इचारा."

दोन वर्षांनी तो वारला. त्याला बापाशेजारी पुरता आलं नाही. तिथं तंबाखू उभी होती.

त्या गावच्या चावडीपुढं उभं राहून, कोळसा मी बघितला होता, एवढं मोठ्यानं सांगायचं देणं मी त्याचं अजून लागतो.