तिच्या बहिणीसाठी पाहिलेले डॉक्टर

आमच्या घरमालकांच्या मुलीला मी सातवीत गणित शिकवलं होतं, म्हणून ती मला अजून ‘बाई’च म्हणते. हायवेलगतची शेतं गोदामवाल्यांना भाड्याने गेल्यापासून त्या घरात कुणालाच फारसं काम उरलं नव्हतं. तिला तर अजिबातच नाही. शिक्षण संपवून घरी आल्यावर तिने एका मैत्रिणीचं लग्न जुळवलं, आणि आपल्याला माणसं ओळखता येतात असं ठरवूनच टाकलं.

मी तेव्हा सदतीस-अडतीसची. सकाळी शाळा, संध्याकाळी शिकवण्या, आणि मधल्या वेळात जिने चढून बाबांना भरवणं. अर्धांगवायूनंतर त्यांची कवळी बसेनाशी झाली होती. मऊ भात आणि वरण, एवढंच खायचे. खालच्या गल्लीत कापडाचे लूम चालू असले की घरात ओरडून बोलावं लागे. आम्हा दोघांत तेवढं त्राण नसायचं, म्हणून गप्पच बसायचो.

एकदा ती धावतच वर आली. “बाई, रविवारी आमच्या फार्महाऊसवर चला, गणेशपुरीला. माझ्या मावसबहिणीसाठी डॉक्टर बघितलेत, दातांचे. आई म्हणते, बरोबर मोठं माणूस पाहिजे.”

“बाबांजवळ कोण थांबेल?”

मागोमाग तिची आई दम खात जिन्यात पोचली होती. “जा बाई तुमी. मी हाय ना बाबांजवल. ही काय आयकाची न्हाय.”

घरमालकांना नाही म्हणणं जड जातं. मी गेले.

तिने बहीण आणि डॉक्टरांसाठी आंब्याखाली दोन खुर्च्या मांडल्या होत्या. आम्हा दोघींची बैठक लांब, ओट्यावर. बहीण तिशी ओलांडलेली, घटस्फोटित, दिसायला देखणी. आल्यापासून ती फोनवर हळू आवाजात बोलत होती, आणि थोड्या वेळाने बोलत बोलतच विहिरीमागे गेली. डॉक्टर चाळिशीचे. निजामपुऱ्यात दवाखाना, तोही आमच्या घरमालकांच्याच गाळ्यात. म्हणजे तेही माझ्यासारखेच आलेले. घरमालकांची मुलगी चहाचं बघायला आत गेली तेव्हा डॉक्टर आपली खुर्ची उचलून माझ्याकडे आले.

“जरा डोळे मिटले तर चालेल का?” त्यांनी विचारलं.

“मिटा,” मी म्हटलं.

ते खरंच झोपले. मीही भिंतीला टेकले. कित्येक महिन्यांत मला कुणी असं नुसतं बसू दिलं नव्हतं.

निघताना मी बाबांसाठी थोडा शिरा डब्यात भरून घेत होते. डॉक्टरांनी पाहिलं. “वडिलांना दात नाहीत?”

“आहेत. पण डबीत असतात.”

ते हसले. पुढच्या रविवारी सामानाची पेटी घेऊन जिने चढून आले. बाबांच्या हिरड्यांचं माप घेतलं. मग मेणाचा साचा बसवून बघायला आले. मग नुसतेच आले.

इकडे ती वैतागलेली. “बाई, डॉक्टर रविवारी फोनच उचलत नाहीत. बहिणीला काय सांगू?” हे सांगायला ती आली तेव्हा डॉक्टर बाह्या सरसावून बाबांच्या पलंगाशी बसले होते. तिचे डोळेच भरून आले. “बघा बाई, किती चांगला माणूस निवडलाय मी! तुम्हीच बोला ना त्यांच्याशी तिच्याबद्दल.”

ती गेल्यावर मी बोलले. थकून आलेलं माणूस निरोप सांगतं, तसंच. “तिच्या बहिणीबद्दल काय ठरवलंत?”

“त्यांचं ठाण्यात कुणाशी तरी ठरलंय. पहिल्याच दिवशी निघताना सांगितलं त्यांनी मला. घरी सांगायची हिंमत गोळा करतायत.” त्यांनी हात पुसले. “मी तुमच्याबद्दल विचार करतोय. पण तुम्हाला वेळ आहे का?”

“नाही.”

“मलाही नाही,” ते म्हणाले, आणि पुन्हा बसले.

मी चहा टाकला. त्या दिवशी आम्ही एवढंच बोललो, आणि ते पुरलं.

तिला कळलं तेव्हा ती दारात उभी राहून रडली. “मला सगळ्यांनी मूर्ख बनवलं, बाई.” मला वाईट वाटलं, पण समजूत घालायचं बळ नव्हतं. बरेच महिने ती वर आली नाही. रजिस्टर लग्नाच्या दिवशी मात्र गाडी घेऊन हजर. साक्षीदार म्हणून सही केली, आणि बाबांना गाडीतून घरी सोडताना अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं, हे लग्न मीच जमवलं.

आम्ही कुणी ते खोडलं नाही. बाबा नव्या दातांनी दोन वर्षं जेवले, मग गेले. आता संध्याकाळी दवाखान्याला कुलूप लावून हे येतात, मी वह्या तपासत असते. दिवसभरात काय झालं, कसं झालं, कुणीच विचारत नाही. जो आधी उठू शकेल तो भात टाकतो.