न ढासळणारा किनारा

बाबा पुण्याहून आमच्याकडे परदेशात, रिकार्टनला, काही दिवस राहायला आले, पण माझ्या लेकीशी त्यांची गट्टी काही जमेना. ते मराठीत काहीतरी विचारत, ती इंग्रजीत एका शब्दात उत्तर देऊन खोलीत पळे. तिचे उच्चार बाबांना अर्धेच कळत. बाबांच्या परतीचा दिवस जवळ येत चालला होता आणि माझा जीव तुटत होता. दोघांना समजावून पाहिलं, रागावूनही पाहिलं. उपयोग शून्य.

मग लेकीला शाळेतून एक काम मिळालं. उत्तर ध्रुवाकडचे किनारे का ढासळतात, ते वर्गात करून दाखवायचं. मला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर हौसही नव्हती.

"आजोबांना विचार. दिवाळीत सोसायटीचा किल्ला तेच करायचे," मी म्हटलं.

किल्ला म्हटल्यावर बाबांच्या अंगात आलं. त्यांनी परसातली माती चाळली, तीही माझ्या पिठाच्या चाळणीने. माझ्या केकच्या ट्रेमध्ये एका बाजूला उभा किनारा रचला. फ्रीझरमधले मटार शेजारणीकडे गेले आणि त्यांच्या जागी किनारा गोठायला बसला. मी कटकट केली, पण आतून सुखावले होते.

दुसऱ्या दिवशी लेकीने ट्रेच्या रिकाम्या भागात कोमट खारं पाणी ओतलं आणि पुठ्ठ्याने लाटा उठवल्या. पाणी गढूळ झालं, किनारा ढिम्म.

"आजोबा, इट हॅज टू फॉल!"

"माझ्या हातचं पडत नाही," बाबा ऐटीत म्हणाले.

तिने चमच्याने माती खरवडली. आत विटांचे तुकडे आणि त्यावर गोणपाट! किल्ल्याच्या सवयीने बाबांनी आधी विटा रचल्या होत्या, मग माती लिंपली होती. मी हसून हसून बेजार झाले. बाबा ओशाळले. आता ही चिडून निघून जाणार, असं मला वाटलं. पण ती त्यांच्याशेजारी फतकल मारून बसली.

"आजोबा, तिकडे आत विटा नसतात. ओन्ली माती अँड बर्फ. समुद्रावर पण बर्फ असतो, तो लाटांना स्टॉप करतो. आता तो लवकर मेल्ट होतो. सो, हीप्स ऑफ लाटा."

बाबा विचारात पडले. "म्हणजे समोरचा आडोसाही गेला आणि आतलं बर्फाचं सिमेंटही वितळलं. मग उभं राहणार कशाच्या जोरावर?"

"येस!"

या वेळी त्यांनी नुसती माती आणि भरपूर पाणी गोठवलं. समोर बर्फाचे खडे तरंगत होते तोवर लाटा फारशा पोचल्याच नाहीत. खडे काढल्यावर पाण्याने पायथा पोखरला, वरचा भाग अधांतरी राहिला आणि मग अख्खा तुकडा धपकन खाली आला.

"पडला! आजोबा, पडला!"

जन्मभर बांधकामं केलेला माणूस टाळ्या पिटत होता. शाळेतलं काम झालं तरी दोघं रोज नवा किनारा गोठवून पाडत बसत. मला इतकं बरं वाटत होतं, की चाळणीचा विषय मी काढलाच नाही.

बाबांना विमानतळावर सोडून आल्यावर मी फ्रीझर उघडला. ट्रेमध्ये एक ताजा किनारा होता. धुवायला म्हणून मी तो नळाखाली धरणार, इतक्यात लेक धावत आली.

"आई, तो नाही! तो आम्ही पाडायला नाही केला. त्यात विटा आहेत."

मी ट्रे परत आत ठेवला. माझे मटार अजून शेजारणीकडेच आहेत.